सतरा नंबरचा कागद

१

नगर पंचायतीच्या दफ्तरात श्रावणनं लाल फडकं सोडलं, सुतळीची गाठ सैल केली आणि गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. "सतरा नंबर वाचा, काकू. मले तं दोन दिवसापासून जेवण गोड लागून नाही राहिलं."

मी एकेक कागद उलटू लागले. नऊ वर्षांपूर्वीचे जाड कागद, सुतळीला अडकत, कोपऱ्याला फाटत उलटत होते. सतरा नंबरचा मात्र सुरळीत सरकला. मी तो वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

"दालन क्रमांक सतरा. वापर : बांगड्यांचे दुकान. शेरा : दुकान चालू. पाहणीच्या वेळी दोन स्त्री गिऱ्हाईक हजर. दिनांक ८ डिसेंबर २०१५."

खाली मोजणीदाराची सही आणि दोन पंचांची नावं. मोजणीदार गेल्या वर्षी वारला. पंचांपैकी एक किराणावाला, दुसरा भांडेवाला. तेही दोघं आता नाहीत.

माझ्या शेजारी कुबडी काखेत धरून शकुन उभी होती. ती हसली. "मी कधी बांगड्या विकल्या व, काकू? माह्या बापानं त्या खोलीत अर्ज लेहले. तो गेला, मंग मी लेहते. चौदा सालापासून."

शकुन आमच्या गावची अर्जनवीस. फेरफार असो, वारस नोंद असो, धान खरेदीची तक्रार असो, तालुक्यातला शेतकरी आधी तिच्या टेबलापाशी येतो. लहानपणी पोलिओनं तिचा डावा पाय गेला. तीनचाकी सायकल ओट्याला लावायची, एक पायरी चढायची आणि टेबलामागे बसायचं, एवढंच तिला जमतं. दुसरी पायरी असती तर तेही जमलं नसतं.

आमचं गाव साकोलीहून बसनं पाऊण तासावर. बस स्टँडपासून तलावाच्या पाळीपर्यंत जी बाजार ओळ आहे, तिथं छप्पन्न दालनं. यंदा नगर पंचायतीनं तिथं नवा नियम आणला. रस्त्याकडे तोंड असलेल्या तळमजल्यावर दुकानच हवं, ऑफिसनं वरच्या मजल्यावर जावं. नियम वाईट नव्हता. ऑफिसवाले पाचला शटर पाडून निघून जात आणि दिवेलागणीला ओळ बोडकी दिसे, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एक सूट होती. २०१५च्या पाहणीत जे ऑफिस म्हणून नोंदलं होतं, ते खालीच राहील. मात्र साऱ्या ओळीत अशी ऑफिसं पाचच राहतील. एखादी जागा सुटली, तर पाहणीनंतर आलेल्या ऑफिसांपैकी सर्वांत जुन्याला ती मिळेल.

पाहणीतल्या पाचांत शकुन होती. या कागदाप्रमाणे ती नव्हती.

"सुनावणी सोमवारी आहे," शकुन म्हणाली. "वरचा जिना एकोणीस पायऱ्यांचा हाये. म्या मोजल्या, खालूनच."

त्या दिवशी गुरुवार होता. मी एकतीस वर्षं ग्रामपंचायतीत कारकुनी केली आणि नगर पंचायत व्हायच्या कितीतरी आधी निवृत्त झाले. तरी कागदाचं काही अडलं की इथला कारकून श्रावण मलाच बोलावतो. तो इथं बदलून आला त्याला तीनच वर्षं झाली. गावची जुनी ओळख त्याला माझ्याकडून घ्यावी लागते.

"श्रावण," मी विचारलं, "हे कपाट तुझ्या किल्लीशिवाय उघडतं का?"

"नाही."

"मग खरा कागद गेला कुठं?"

त्यानं दाराकडे पाहिलं, उठून ते लोटलं आणि हळूच म्हणाला, "गठ्ठा दोनदा बाहेर गेला होता, काकू. म्या माह्या हातानं देला."

२

घाबरलेल्या माणसाला बोलतं करायला गप्प बसावं लागतं.

"गेल्या आठवड्यात साडीवाले हेमराजभाऊ आले," श्रावण सांगू लागला. "म्हणे, वकिलाले दाखवाचं हाये, अर्धा दिवस दे. मोठा माणूस, सदस्यांच्या बसण्यातला. नाही कसं म्हणू? दुसऱ्या दिवशी विमावाल्या मुन्नाभाऊनं अर्ज देला, साऱ्या पाहणीच्या नकला पाहिजे म्हणून. आपलं झेरॉक्स मशीन दिवाळीपासून बंद. ते म्हणाले, माह्याकडे मशीन हाये, तासाभरात आणून देतो. आणूनबी देला."

"तू मोजून घेतलास?"

"छप्पन्न होते. छप्पन्न भरले."

तेवढ्यात चपराशी कुठलीशी पावती गठ्ठ्याला लावायला घेऊन आला. श्रावणनं खणातून लाकडी मुठीचं दाभण काढलं, पावतीत खुपसलं आणि सुतळी ओवली.

"अजून दाभणच?" मी म्हटलं.

"पंचिंग मशीन कोणाच्या काळात होतं का, तुमीच सांगा."

माझ्या काळातही नव्हतं. मागणीपत्र मीच दोनदा लिहिलं होतं.

बाहेर पडले तर ऊन कपाळावर आलं होतं. नव्या उड्डाणपुलाच्या कामाची धूळ साऱ्या ओळीवर उतरत होती. घरी जावं, पाय वर घेऊन पडावं असं वाटत होतं आणि पाय तर ओळीकडेच वळत होते. शकुन मागून सायकलचा हात फिरवत येत होती.

"काकू, याच्यात कोडं कोणतं व? ज्याले माही खोली पाहिजे, त्यानंच केलं."

"हेमराजनं?"

"पाहणीत पंच बहुतेक शेजारचेच राहत. सोळावाल्या जागेश्वर टेलरनं माह्या कागदावर सही केली, ते वारले. अठरावाल्या हेमराजभाऊनं केली, ते जित्ते हायेत. आता म्हणतात, याद नाही." तिनं सायकल थांबवली. "माणसाले खोली विसरता येते. स्वतःची सही विसरता येते का?"

३

हेमराजचं साडीचं दुकान दालन अठरामध्ये. गादीवर तो मांडी घालून बसला होता. मागं भिंतीला उभ्या तारेत वर्षभराची बिलं टोचलेली. एखादं काढायचं झालं की तो वरची शंभर उपसून गादीवर पसरतो. त्याचे वडीलही तसेच करत.

"या काकू. लुगडं दाखवू का चौकशी दाखवू?"

"चौकशीच दाखव. लुगडं महाग असेल."

तो हसला, पण माझ्यासाठी गादीवर जागा केली नाही. मी स्टुलावर बसले.

"गठ्ठा अर्धा दिवस तुझ्याकडं होता."

"होता. वकिलानं पाहिला, मीबी पाहिला."

"सतरा नंबर?"

"तोच पाह्यले नेला होता. बाकीच्यात माहं काय हाये?" त्यानं बोटानं मधली भिंत दाखवली. "ही भिंत पाडली तं माहं दुकान दुप्पट होते. दहा वर्षापासून मांगून राहिलो. मागच्या दिवाळीले तिच्या पायरीशी गेलो होतो, काकू, मी हेमराज. 'बाई, तुह्या मनचा भाव सांग, वाजवी बोल.' तं म्हणते, अर्ज करा."

"तू पाहिला तेव्हा त्यावर काय लिहिलं होतं?"

एका बाईनं हिरव्या नऊवारीचा भाव विचारला. त्यानं तो सांगितला, तिची कटकट ऐकली, घडी परत कपाटात लावली आणि मग म्हणाला, "याद नाही."

"सही तुझी होती?"

"लई सह्या करतो मी."

"गाव म्हणतं, कागद तू बदलला."

हेमराजचे कान लाल झाले. "गाव म्हणते! मले खोली पाहिजे. हे मी चौकात उभा राहून सांगतो, कोणाचं भेव हाये? पण आपल्या फायद्याविरुद्ध साक्ष द्यायले मी काय साधू हाओ? विचारू नका, काकू. याद नाही म्हणजे याद नाही."

मी उतरले. पायरीशी शकुनची कुबडी दिसत होती. ती आपल्या टेबलाशी दिघोरीच्या कोणा म्हाताऱ्याचा अर्ज लिहीत होती आणि मान वर करून मला विचारत होती, शब्दानं नव्हे, डोळ्यांनी. मी मान हलवली. ती पुन्हा लिहू लागली. म्हातारा सांगत होता, "लेही बाई, का माह्या धानाच्या बांधीतून पाटाचं पाणी जात नाही." तिचं पेन चालत होतं, पण ओळ वाकडी गेली आणि तिनं तो कागद चुरगळून टाकला. शकुनला कागद चुरगळताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

४

मुन्नाचं ऑफिस दालन एकतीसमध्ये. विमा, कर्ज, पॅनकार्ड, झेरॉक्स. करोनाचं वर्ष उलटलं तेव्हा तो गोंदियाहून आला. गोरा, हसरा, कोणालाही नावानं हाक मारणारा. शकुनच्या बाजूनं त्यानंच सह्यांचा अर्ज फिरवला होता. दुपारचा समोसा तो तिच्या टेबलावर नेऊन ठेवत असे.

"आइए काकू, बैठिए! पंखा लावू?"

आतलं सगळं कसं नेमकं. फायली रंगांप्रमाणं लावलेल्या, प्रत्येकीत कागद दोन भोकांतून ओवलेले, ओळंब्यात धरल्यासारखे सरळ. टेबलाखाली पांढऱ्या बारीक टिकल्यांचा सडा पडला होता. माझ्या चपलेला चार चिकटल्या.

"गठ्ठा तुझ्याकडं तासभर होता," मी म्हटलं.

"होता ना. छप्पन्न नकला काढल्या. उलट मीच शकुनताईला बोललो, ताई, तुमच्या कागदात गडबड आहे, जाऊन बघा. नाहीतर सोमवारी सुनावणीतच कळलं असतं!"

हे खरं होतं. शकुनला पहिली खबर त्यानंच दिली होती.

"म्हणजे तुझ्याकडं आला तेव्हाच तो बदललेला होता?"

"मग काय! एक दिन पहले हेमराजसेठकडे होता. मी कशाला नाव घेऊ, काकू? सब समझते हैं."

"आणि तुझं काय रे? तू पंधरा सालानंतरचा."

"माझं तर जाणं नक्कीच. वर जाईन." तो हसत म्हणाला. "पण विमा घ्यायला कोणी जिना चढतो का? रस्त्यानं जाता-जाता बोर्ड दिसला, तर माणूस आत येतो. वर गेलो की लोक विसरतील. चलो, नसीब."

त्यानं चहा मागवला. मी पुरा घेतला नाही. उठताना काहीतरी खुपत होतं. काय ते मला सांगता येईना.

शुक्रवारी आठवडी बाजार होता. दिवसभर घरी मी त्या कागदाची नक्कल घेऊन बसले, उठले, पुन्हा बसले. इतर कागदांत शेऱ्याच्या जागी नुसती आडवी रेघ होती. याच एका कागदावर दुकान चालू होतं, गिऱ्हाईक हजर होतं. कारकुनी करताना मी एक शिकले होते. खरा कागद कंटाळवाणा असतो. लिहिणाऱ्याला त्यात रस नसतो. जिथं रस दिसतो, तिथं लिहिणाऱ्याला काहीतरी पटवायचं असतं.

पण खोटा कागद खोटा वाटणं वेगळं आणि तो कोणी लिहिला हे सांगणं वेगळं.

५

शनिवारी सकाळी घर खायला उठलं म्हणून निघाले. बाजार ओळीचा तो बंद दिवस. छप्पन्न शटर खाली. हेमराजच्या ओट्यावर कुंताबाई टोपली मांडून बसली होती. तिच्या घरचे तलावात मासे धरतात आणि ती रोज गटारीपलीकडे, उन्हात, सुके झिंगे विकते. बंद दिवशी मात्र ओट्याची सावली तिची.

"आज ऐट आहे कुंताबाई, साडीच्या दुकानात बसलीस."

"मंग! आठ दिवसातून एक दिवस मी सेठानी. बस व, बाई. वीस वर्साची सवय हाये. पहिले मंगरवारले बसो, आता शनवारले बसतो. वार बदलला, ओटा तोच."

मी खाली बसले होते ती उठून उभी राहिले.

"काय झालं व? मुंगी चावली का?"

"मंगळवारचा शनिवार केव्हा झाला, कुंताबाई?"

"अवो, विसरली का? पहिले बाजार सोमवारले भरे. दुसऱ्या दिवसी ओळ बंद. मंग पुलाचं काम लागलं, बाजार पलीकडच्या मैदानात गेला, शुक्रवारचा झाला. तं बंद दिवस शनवार. माह्या नातीचं लगन झालं त्या वर्सी. अठरा साल."

मी विसरले नव्हते. नको तिथं ठेवून दिलं होतं, इतकंच. म्हातारपणी घरातली वस्तू जशी सापडत नाही, तसं.

मी तशीच श्रावणच्या खोलीवर गेले. तो अंगणात कपडे वाळत घालत होता. "मोबाईलमध्ये पाहा. आठ डिसेंबर दोन हजार पंधरा. वार कोणता?"

त्यानं ओल्या बोटांनी दाबलं. "मंगळवार."

"बाकीच्या पंचावन्न कागदांवर तारीख?"

"तीच. एकाच दिवशी केली ना पाहणी."

"एकाच दिवशी, आणि बंद दिवशी. अरे, इथं मोजणी नेहमी बंद दिवशीच होते. एरवी माल ओट्यावर, ओट्यावरून गटारीवर, टेप टाकायला जागा कुठं? मी स्वतः तीनदा मोजणीबरोबर फिरले आहे. एकेक मालक येऊन शटर उघडून देई, माप झालं की पाडी. साऱ्या ओळीत गिऱ्हाईक नावाला नसे. आणि सतरा नंबरात दोन बाया बांगड्या भरत होत्या?"

श्रावणच्या हातातला शर्ट मातीत पडला. "म्हणजे ज्यानं लेहलं, त्याले मंगळवार माहीत नव्हता."

"त्यानं आजूबाजूच्या कागदांवरून तारीख उतरवली. पण त्या दिवशी ओळ बंद होती, हे कोणत्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. जे साऱ्या गावाला माहीत, ते कोण लिहितो?"

"अठरानंतर गावात आलेला माणूस," तो सावकाश म्हणाला. "काकू, अठरानंतर तं मीबी आलो."

६

रविवारी सकाळी मी श्रावणला घेऊन मुन्नाच्या ऑफिसात गेले. दाराशी शकुननं सायकल लावली. मुन्नानं तिच्यासाठी खुर्ची ओढली, उशी झटकली.

"मुन्ना," मी म्हटलं, "कागद बदलणारा अठरानंतर इथं आलेला आहे. हेमराज नव्हे. बंद दिवस कोणी मोडला तर जाब विचारायला पहिला तोच जाई. मंगळवार तो कसा विसरेल? गठ्ठ्याला हात लागलेल्यांत अठरानंतरचे दोघंच. तू आणि श्रावण."

"श्रावणभाऊ? अरे रे." मुन्नानं मान हलवली. "भरोसा तरी कोणावर ठेवायचा?"

"मीही रात्रभर तोच विचार केला. मग हे आठवलं." मी पिशवीतून श्रावणचं दाभण काढून टेबलावर ठेवलं. "नगर पंचायतीत कागदाला यानं भोक पाडतात. भोक फाटकं होतं, कागद सुतळीला अडकतो. गठ्ठ्यातले पंचावन्न कागद तसेच आहेत. सतरा नंबरचा सरकन निघतो, कारण त्याचं भोक गोल आहे, कडा साफ आहे. श्रावणनं कागद घातला असता तर दाभणानं घातला असता. दुसरं काही त्याच्याकडं नाहीच. हेमराज असता तर त्यानं तारेत टोचल्यासारखा टोचला असता." मी चप्पल उचलून उलटी केली. तळाला दोन पांढऱ्या टिकल्या अजून होत्या. "गोल भोकं पाडायचं मशीन यातल्या एकाच्याच टेबलावर आहे."

मुन्नानं खालच्या टिकल्या पायानं टेबलाआड ढकलल्या.

"और मेरा फायदा?" मुन्ना म्हणाला. हसू अजून होतं, पण डोळ्यांत नव्हतं.

"पाचातली एक जागा सुटली की पाहणीनंतरच्यांत सगळ्यांत जुना खाली राहतो. तो तू आहेस. आणि आधी खबर देणाऱ्यावर कोण संशय घेईल? हेमराजकडं गठ्ठा जाऊन येईपर्यंत तू थांबलास."

शकुन त्याच्याकडे पाहत होती. "समोसे काहून आणत होता रे?" तिनं विचारलं. "तेवढं सांग. बाकी मले समजलं."

मुन्नाची मान खाली गेली. "तुमच्यावर राग नव्हता, ताई. यकीन करा. वरती मी संपलो असतो."

"खरा कागद?"

"जाळला."

श्रावण पुढे झाला. मुन्नानं हात वर केला. "इथं बोललो. सोमवारी बोलणार नाही. भोक आणि वार, यावर कोणाला फाशी होत नाही, काकू. आणि माझा कागद खोटा ठरला, तरी तुमचा खरा कुठून आणाल?"

तो खरं बोलत होता. चार दिवस मी चोर शोधत होते. शकुनला चोर नको होता, खोली हवी होती.

७

सोमवारी मुख्याधिकारी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. वार पाहिला, भोक पाहिलं, सतरा नंबरचा कागद उजेडात धरला. मुन्ना मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसला होता. दुसऱ्या टोकाला हेमराज, वकिलासह.

"हा कागद मी बाजूला ठेवते, त्याची चौकशी होईल," मॅडम म्हणाल्या. "पण शकुनबाई, तिथं ऑफिस होतं याला आधार?"

"पंधरा सालाआधीचे हजार अर्ज माह्या हातचे आहेत, मॅडम."

"ते कुठं बसून लिहिले, हे अर्जात नसतं. वीजबिलावर दुकान काय, ऑफिस काय, एकच दर. नियमात दोनच आधार आहेत. पाहणीचा कागद, किंवा त्यावेळच्या पंचाचं लेखी निवेदन."

सगळ्यांनी हेमराजकडे पाहिलं. त्यानं छताकडे पाहिलं. वकील त्याच्या कानाशी लागला.

शकुननं कुबडी उचलली. निघायची तिची तयारी मला दिसली.

"मॅडम," हेमराज अचानक म्हणाला, "त्या कागदावर काय लेहलं, एकदा वाचून दाखवा."

मॅडमनी वाचलं. "दुकान चालू. पाहणीच्या वेळी दोन स्त्री गिऱ्हाईक हजर."

"मंगळवारले?"

"मंगळवार होता, हो."

"बंद दिवशी? आमच्या ओळीत?" हेमराज उठून उभा राहिला. वकिलानं बाही ओढली, ती त्यानं झटकली. "माह्या बापानं ह्या ओळीचा बंद दिवस पाडला, मॅडम. म्या माह्या सख्ख्या साळ्याचं दुकान बंद करवलं, त्याच्या लग्नसराईत! तो अजून बोलत नाही माह्याशी. आन् माह्या भिंतीले लागून, मंगळवारी, बाया बांगड्या भरून राहिल्या आन् मी पाहत बसलो? असं सरकारी दफ्तरात राहीन? उद्या माही नात हे वाचन!"

"मग खरं काय होतं?" मॅडमनी विचारलं.

रागात माणूस दार उघडतो आणि मग त्याला कळतं, आता त्यातून जावं लागेल. त्यानं एकदा शकुनकडे पाहिलं, एकदा आपल्या हातांकडे.

"खरं हे का..." तो खाली आवाजात म्हणाला, "त्या दिवशी हिचं शटर म्याच वर केलं. हिले वाकता येत नाही, मोजणीवाला घाई करत होता. आत टेबल होता, टाइपरायटर होता, अर्जाचे कागद होते. बांगडी एक नव्हती. म्या सही केली. मले याद हाये. रोज याद होती."

वकिलानं फाईल बंद केली. मागच्या बाकावरून मुन्ना उठून बाहेर गेला. त्याला कोणी अडवलं नाही.

"लेखी द्या," मॅडम म्हणाल्या. "आज चारपर्यंत."

दीड वाजता हेमराज सतरा नंबरच्या पायरीशी उभा होता. "लेही, बाई. मी सांगतो."

"मी नाही लेहणार," शकुन म्हणाली.

"काहून?"

"माह्या फायद्याचा कागद माह्याच हातचा? कोण खरा मानन? तुमी लेहा, तुमच्या हातानं."

हेमराजनं आयुष्यात बिलाशिवाय काही लिहिलं नव्हतं. तो तिच्या समोरच्या खुर्चीत बसला, जिथं दिघोरी-एकोडीचे शेतकरी बसतात तिथं. त्याच्या दुकानातून दोनदा बोलावणं आलं. त्यानं दोनदा "बसवा त्यायले" म्हणून सांगितलं. तीन वाजले. कपाळावरचा घाम कागदावर पडू नये म्हणून तो मान तिरपी करून लिहीत होता. मला बसवत नव्हतं. मी ओट्यावर येरझारा घालत होते.

शेवटी त्यानं कागद शकुनपुढे सरकवला. तिनं तो, दुसऱ्या कोणाचाही वाचावा तसा, बोट फिरवत वाचला.

"एक गोष्ट राहिली, हेमराजभाऊ."

"आता काय?"

"हे दालन तुमाले पाहिजे होतं, आन् अजून पाहिजे, ते नाही लेहलं."

"ते कायले लेहू?"

"लेहा. मंग याच्यावर कोणी बोट ठेवणार नाही."

हेमराज तिच्याकडे पाहत राहिला. मग त्यानं कागद परत ओढला, सहीच्या वरची रिकामी जागा शोधली आणि वाकून लिहू लागला.